जावयाचा कोट

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या नवरदेवांनी अंगात काय घालून मांडवात यायचं, हे नव्वदीच्या दशकात मुंबईने ठरवलं नाही, सिनेमाने ठरवलं नाही, नागपूरच्या काचेच्या दुकानांनी तर मुळीच ठरवलं नाही. ते ठरवलं आमच्या घरमालकांनी, वडशाच्या घराच्या ओसरीत, लुंगी-बनियनवर बसून. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. त्या काळात लग्न झालेल्या माणसाने आपला अल्बम काढावा, फोटोतल्या कोटाची कॉलर मला दाखवावी, मी त्याच्या लग्नाचं साल सांगतो. ही विद्या मला त्यांच्या घरात भाड्याने राहून, आणि त्याहीपेक्षा त्यांच्या घरात उभं राहून मिळाली. उभं राहून कशी, ते सांगायचं तर खोली मिळाली त्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल.

मी वर्ध्याकडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून बदलीने वडशाला आलो आणि बायकोला घेऊन खोल्या बघत हिंडू लागलो. ज्या घरी जावं तिथे आधी जात, मग पगार, मग मटण खाता का, अशी उलटतपासणी व्हायची. या एकाच घरात कुणी काही विचारलं नाही. गावभर ज्यांना चाचा म्हणत ते हे घरमालक मशीनवरून उठले, गळ्यातली टेप काढली आणि सरळ माझ्या छातीभोवती गुंडाळली. "अडतीस," ते म्हणाले. मग चार पावलं मागे सरकून माझ्या खांद्यांकडे बघत राहिले. "खांदा बी बेस आहे. कधी येता राहाले?" बायको माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. पुढे कळलं की माझ्या आधी पोस्टातला एक सज्जन माणूस त्यांनी परत पाठवला होता. "मानूस चांगला होता, नाई म्हनत नाई," घरमालक सांगत, "पन खांदे उतरते होते. मी त्याचं का करू?"

त्यांचा धंदा कपडेपटाचा. हिवाळा लागला की वडशाला नाटक कंपन्यांचे मुक्काम पडतात, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे जत्रा, आणि रात्रभर नाटक. या नाटकांतल्या राजांपासून हवालदारांपर्यंत सगळ्यांचे कपडे आमच्या घरमालकांकडून भाड्याने जात. पण राजे आणि हवालदार हे त्यांच्या लेखी पोटापाण्यापुरते. त्यांचा जीव होता नायकाच्या कोटावर. नट यायचे दिवाळीत आणि कोट शिवायला घ्यावे लागत भर पावसाळ्यात. म्हणजे चार महिने नायकाच्या मापाचा कुणीतरी हाताशी हवा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्टीतल्या नाटकांचा नायक सहसा अडतीस छातीचाच असतो, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि भाडेकरू असेल तर तो संध्याकाळी घरी येतोच, असा दुसरा. शाळेतून येऊन मी हातपाय धुवायच्या आत ओसरीतून हाक यायची, "गुरुजी, जरा उभे राहा न." मग एका बाहीचा, कच्च्या टाक्यांचा, अस्तर लोंबणारा कोट घालून मी घामाघूम उभा. बाजूला त्यांची मुलगी नसीम टाचण्यांची डबी धरून बसलेली. ती तेव्हा दहावीला होती. "अब्बा, गुरुजी गरमीनं मरून राह्यले, सोडा त्यायले," असं ती म्हणायची, आणि घरमालक म्हणायचे, "श्वास सोडा गुरुजी, पोट आत नोका घेऊ. नवरदेव फोटोपुरतं पोट आत घेते, मंग आयुष्यभर सोडते."

आता नायकाचा कोट आणि नवरदेवाचा कोट यांचा संबंध काय, असं बाहेरचा माणूस विचारेल. आमच्या भागातला विचारणार नाही. नाटकाच्या मांडवात पुढच्या रांगेत गावचा सरपंच बसतो आणि त्याच्या मागे पंचक्रोशीतले शिंपी. नायिका रडत असताना सगळा मांडव रडतो. हे शिंपी तेवढे नायकाच्या खांद्याकडे, बटणांकडे, मागच्या चिरेकडे बघत असतात. कारण नाटक बघून घरी गेलेला प्रत्येक लग्नाळू पोरगा वैशाखात तोच कोट मागणार असतो. म्हणजे घरमालकांनी कार्तिकात जे नायकाच्या अंगावर चढवलं, ते उन्हाळ्यात ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंतच्या मांडवांत दिसलंच. त्यांनी सफारी मोडीत काढली, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतून सफारी एका मोसमात नाहीशी झाली. फक्त तालुक्याच्या कचेऱ्यांत चारदोन उरल्या. त्यांनी डबल ब्रेस्ट आणला, खांद्यात अशा गाद्या घातल्या की वऱ्हाडाच्या जीपमध्ये नवरदेवाला आडवं बसवावं लागे. मग एके वर्षी गाद्या काढल्या, बटणं तीन केली. मग जोधपुरी. मग पुन्हा तीन बटणं. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पोरं हे सगळं घालून उभी राहत, मागून मामा टॉवेलाने वारा घालत, आणि आमचे घरमालक मांडवाच्या कडेला लुंगीत उभे राहून मान हलवत.

कारण ते स्वतः कोट कधी घालत नसत. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "कोट घातलेल्याले कोट दिसते का? मले पाहाचा आहे." पाहण्याची त्यांची तऱ्हा मात्र निव्वळ पाहण्यावर थांबत नसे. कोटाचं सगळ्यात खालचं बटण कधी लावायचं नाही, हा त्यांचा धर्म होता, आणि धर्मप्रसाराला त्यांना स्थळकाळ चालत असे. लग्नात आहेर द्यायला वर चढले की आधी नवरदेवाच्या खालच्या बटणाला हात. मग आशीर्वाद. नागभीडच्या फलाटावर तर त्यांनी एका अनोळखी गृहस्थाचं बटण उघडलं आणि त्या माणसाने चोर चोर म्हणून फलाट डोक्यावर घेतला. लोक जमले, मी मधे पडलो. घरमालक अजिबात घाबरले नाहीत. "चोर वरचं बटन उघडते," ते लोकांना समजावत होते, "मी खालचं उघडून राह्यलो." बरं, अंदाज चुकत नसत असंही नाही. एके वर्षी त्यांनी पांढऱ्याशुभ्र कोटाची हवा केली. नाटकात तो दिव्यांखाली देखणा दिसला. उन्हाळ्यात पोरांना हळदी लागल्या, हळदीवर घाम आला, आणि दोन्ही जिल्ह्यांतले पांढरे कोट कॉलरीपासून पिवळे होत खाली आले. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. हे म्हणाले, "पाहा गुरुजी, पिवळा रंग बी वाईट नाई दिसत."

पण त्यांची खरी ताकद मला कळली ती कुरखेड्याकडच्या एका लग्नात. त्या मोसमातल्या नाटकाचा नायक गरीब शेतमजूर होता. त्याला पहाटेच्या शेवटच्या प्रवेशात कोट मिळायचा, तोवर अर्धा मांडव पेंगलेला. उलट खलनायक तेंदूपत्त्याचा ठेकेदार. तो पहिल्या अंकापासून बाटली-हिरव्या रंगाच्या, तीन बटणांच्या कोटात फिरत होता. व्हायचं तेच झालं. उन्हाळ्यात सगळ्या पोरांनी खलनायकाचा कोट शिवला. घरमालक मला नमुना म्हणून सोबत नेत असत, म्हणून त्या लग्नात मी नायकाचा करडा कोट घालून हजर होतो. नवरदेव हिरव्या कोटात मांडवात आला आणि नवरीची आजी काठी टेकत उठली. "याले पोरगी देऊ नोका! यानं आपल्या सासूले घराबाहेर काढलं! मी माह्या डोयानं पाह्यलं!" लोक समजावायला लागले की आजी, ते नाटक होतं, हा आपला बिजली खात्यातला पोरगा. आजी ऐकेना. मुहूर्त टळायला आला, वरपक्ष चिडला. घरमालकांनी एक क्षण विचार केला, माझा कोट काढला, नवरदेवाचा हिरवा माझ्या अंगात घातला आणि माझा करडा त्याला. मग त्याला आजीसमोर उभं केलं. आजीने त्याला खालीवर न्याहाळलं. "हां. हा पोट्टा गरीब दिसते. याले द्या." लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत आजी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती आणि माझ्या पानात कुणी दुसऱ्यांदा बुंदी वाढली नाही. परत येताना मला वाटलं घरमालक खजील असतील. ते तर बसमध्ये सीटवर मावत नव्हते. "म्हातारीनं तोंड नाई ओयखलं गुरुजी, कोट ओयखला! असा पाहनारा मानूस मुंबईत भेटन का तुमाले?"

या माणसाच्या घरात एक कोट असा होता, की जो ना नाटकात गेला ना भाड्याने. नसीम दहावी पहिल्या वर्गात पास झाली, त्या आठवड्यात ते नागपूरला गेले आणि गर्द निळ्या रंगाचं, हाताला मऊ लागणारं लोकरी कापड घेऊन आले. नवरदेवाचा जोडा, म्हणजे लग्नाचे कपडे, मुलीकडच्यांनी द्यायचा, ही आमच्याकडे सगळ्याच समाजांची रीत. घरमालकांनी तो मुलीच्या लग्नाआधीच, मुलगा कोण हे ठरायच्याही आधी, शिवायला घेतला. शिवला अर्थात माझ्या अंगावर. डबल ब्रेस्टचे दिवस होते. भरपूर घेर, रुंद खांदे. एवढा सुरेख कोट मी आजवर घातलेला नाही. माझी बायको दारात येऊन बघत राहिली आणि त्या रात्री तिने मला न मागता दुसरी पोळी तूप लावून दिली. घरमालकांनी तो कोट उतरवून मलमलीत गुंडाळला, डांबरगोळ्या टाकल्या आणि जाहीर केलं, "कोट तयार आहे. आता फक्त जवाई पाह्यजे."

जावई मिळायला वर्षं लागली, कारण नसीम शिकत होती आणि तिचे वडील टेप घेऊन बसले होते. स्थळं आली. एक आरमोरीचं होतं, शाळेत लिपिक. घरमालक म्हणाले छाती कमी आहे, कोट झगा दिसन. एक चंद्रपूरचं होतं, दवाखान्यात नोकरी. त्याचा एक खांदा खाली होता. "सायकलवर एकाच हातानं डबा नेते वाटते," असा निर्णय झाला. शेवटी चाचींचा संयम सुटला. त्या आमच्या घरमालकीणबाई, एरवी फार न बोलणाऱ्या. त्या दिवशी मला ओसरीत साक्षीला बसवून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुमी पोरीसाठी नवरा पाहून राह्यले, का कोटासाठी खुंटी?"

आणि मधल्या वर्षांत दुसरीच एक गोष्ट घडत होती. फॅशन बदलली की तो कोट मलमलीतून बाहेर यायचा, कारण आपल्या जावयाने जुन्या धर्तीचा कोट घालावा हे त्यांना कसं सहन व्हावं? डबल ब्रेस्ट गेला तसा त्याचा पुढचा पन्ना कापून त्यांनी तो एकेरी केला. गाद्या गेल्या तसे खांदे आत घेतले. ढगळपणा गेला तसा कमरेत दाबला. लांबी कमी झाली तशी खालून कापली. प्रत्येक वेळी मला उभं करायचे. एके वर्षी कोट माझ्या पाठीवर अडकला. मी म्हटलं, चाचा, हा लहान झाला. "कोट तोच आहे," ते तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाले, "तुमी वाढले." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्यांनी एकच मान्य केली.

नसीमचं आधी बी.ए., मग डी.एड. झालं आणि तिच्या मैत्रिणीच्या भावाचं स्थळ आलं. मुलगा गडचांदूरला, सिमेंट कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करणारा. दोन्हीकडच्या बायकांचं आधीच ठरलं होतं, बघणं नावाला. मी ओसरीत होतोच. मुलगा आत आला तेव्हा दारातून जरा तिरपा होऊन आला. त्याने वाकून सलाम केला, घरमालकांनी सलाम घ्यायच्या आधी त्याचे खांदे पाहिले आणि माझ्या कानाशी येऊन, कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले, "बेचाळीस." मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आतून नसीमचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अब्बा, मले हाच पाह्यजे. कोटाचं तुमी पाहा."

त्यांनी पाहिलं. चारपाच दिवस ते त्या कोटाच्या शिवणी उसवत होते. शिवणीत दाबलेलं कापड शिल्लक नव्हतं. कापलेले तुकडे केव्हाच नटांच्या बो-टायमध्ये गेले होते. सातआठ वर्षांपूर्वीचा, घेरदार, रुंद खांद्यांचा तो पहिला कोट असता, तर या मुलाला सहज बसला असता. "फॅशनीनं माहा कोट खाल्ला, गुरुजी," ते म्हणाले. फॅशन म्हणजे ते स्वतः, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी नवा शिवून देतो असा निरोप पाठवला. गडचांदूरहून नम्र उत्तर आलं की त्रास घेऊ नका, आता लग्नात कोट कुणी घालत नाही; चंद्रपूरच्या दुकानातून शेरवानी ठरवली आहे, भाड्याने मिळते. त्या संध्याकाळी ओसरीतून मला हाक आली नाही. मी हातपाय धुऊन उगाच बाहेर येऊन उभा राहिलो, तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

लग्न जानेवारीत झालं. नवरदेव सोनेरी शेरवानीत आला. चांगला दिसत होता, खोटं कशाला बोलू. घरमालक सवयीने पुढे झाले, त्यांचा हात शेरवानीच्या खालच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शेरवानीची सगळी बटणं लावायची असतात. त्यांनी हात मागे घेऊन जावयाच्या पाठीवर ठेवला.

जंगलाचा रस्ता, म्हणून वऱ्हाड मुक्कामी राहिलं आणि सकाळी निघालं. धुकं दाट होतं, तोंडातून वाफा निघत होत्या. मुलाची आई घाई करत होती, कारण शेरवानी वाटेत दुकानात परत द्यायची होती. नसीम जरीच्या पातळ ओढणीत गाडीपाशी उभी राहून कुडकुडत होती. नवऱ्याने शेरवानीची बटणं सोडायला घेतली, तशी आई ओरडली, "अरे, ते भाड्याचं आहे!" तेवढ्यात घरमालक घरातून आले. हातात मलमलीचं गाठोडं. जावई ओशाळला. "अब्बा, माफ करा. मले नाई बसत तो."

"तुह्यासाठी नाई," ते म्हणाले, आणि त्यांनी तो निळा कोट नसीमच्या खांद्यांवर ठेवला.

तिने बाह्यांत हात घातले. आणि तो बसला. एवढी वर्षं इकडून कापत, तिकडून दाबत त्यांनी तो बरोबर तिच्या मापाला आणून ठेवला होता, आणि आम्हा कुणाच्या, त्यांच्याही, ते लक्षात आलं नव्हतं. नसीमने मधलं बटण लावलं. खालच्या बटणाला हात लावला नाही. बापाकडे बघून हसली आणि मग रडायला लागली. घरमालक चार पावलं मागे सरकले, मान कलती करून बघितलं, जसं माझ्याकडे पहिल्या दिवशी बघितलं होतं. "खांदा बसला, गुरुजी," ते म्हणाले. गाडी वळणाआड गेल्यावर लुंगीला डोळे पुसून त्यांनी भविष्य सांगितलंच, "लिहून ठेवा. आता पोरी कोट घालतीन."

पुढे माझी बदली झाली. नाटकवाले नागपूरहून तयार कपडे आणू लागले आणि नवरदेव शेरवान्या भाड्याने घेऊ लागले. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा घरमालक खाटेवर बसून होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, उशीखालची टेप काढून माझ्या छातीभोवती धरली. आकडा त्यांनी अजूनही बरोबर वाचला. "चव्वेचाळीस," ते म्हणाले. "आता नसती भेटली गुरुजी तुमाले खोली." मी हसलो, ते हसले. त्यानंतर त्यांना मी पाहिलं नाही.

ते गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका शिबिराच्या निमित्ताने मी गडचांदूरला गेलो होतो. सकाळी नसीम शिकवते त्या शाळेत डोकावलो. प्रार्थना चालली होती, मुलं ओळीने उभी, आणि समोर तीन शिक्षिका. तिघींच्याही अंगात कोट. नसीमचा तोच निळा, कोपरांवर थोडा झिजलेला; बाकी दोघींचे बाजारातून आणलेले, तयार. म्हणजे भविष्य खरं ठरलं होतं आणि ते सांगायला मला वडशाला जाता येणार नव्हतं. त्या दोघींनी थंडीमुळे कोटाची सगळी बटणं लावली होती. नसीमचं खालचं उघडं होतं. मी फाटकाशी उभा राहून बघत राहिलो, त्या दोघींना काही बोललो नाही. ते काम करणारा माणूस आता नव्हता.